गळाला निघालेल्याला कुठे विचारू नये

माझ्या वडिलांना मासे लागतात, असं आमच्या देवळाली कॅम्पात सगळे म्हणतात. म्हणजे इतरांना लागत नाहीत आणि यांना लागतात. एकाच धरणात, एकाच दिवशी, हाकेच्या अंतरावर होड्या लावून दोघे बसले, तर दुसरा माणूस ऊन खाऊन परत येतो आणि बाबा भरलेली पिशवी घेऊन येतात. लोक म्हणतात, नशीब. बाबाही म्हणतात, नशीब. हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका साधाभोळा होतो की मला दर वेळी राग येतो, कारण त्या नशिबामागची खटपट मी लहानपणापासून पाहत आले आहे.

चाळीस वर्षं त्यांनी फौजी गणवेश शिवले. त्या हातांनी बांधलेली तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याची गाठ सुटत नाही. गळाचं टोक ते देवघरातल्या सहाणेवर घासतात आणि आईची बोलणी खातात. मासेमारीच्या दिवशी अंघोळीला साबण लावत नाहीत, कारण हाताचा वास आमिषाला लागतो. शेंगदाण्याची पेंड आणि मोहाची वाळलेली फुलं दोन दिवस भिजवून त्याचा चारा करतात, त्या वासानं आमच्या घरी पाहुणे टिकत नाहीत. आणि आदल्या संध्याकाळी तासभर स्कूटर हाकत जाऊन तो चारा ठरल्या जागी पाण्यात सोडून येतात. मासा काय आपलं घर शोधत येणार आहे का, त्याला आधी जेवायला घालावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

या झाल्या अकलेच्या गोष्टी. यांच्या जोडीला बिनअकलेच्याही होत्या. काठाला लागेपर्यंत मासे मोजायचे नाहीत. फोन न्यायचा नाही. पहिला मासा होडीत येईपर्यंत तोंडात घास घालायचा नाही. आणि सगळ्यात मोठी म्हणजे, गळ घेऊन निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारायचं नाही. बाहेर पडणाऱ्याला कुठे निघालात म्हणून टोकू नये, हे आपल्याकडे घरोघरी पाळतात. पण बाबांनी ते टोकाला नेलं होतं. मी नऊ वर्षांची असताना एकदा विचारून बसले, तर ते उंबऱ्यावरून परत फिरले, चपला काढल्या, पाणी प्यायले आणि पाच मिनिटं खुर्चीत बसून मग निघाले. त्या दिवशी काही लागलं नाही. ते खापर पुढे कित्येक वर्षं माझ्या डोक्यावर फुटत राहिलं. तेव्हापासून आमच्या घरात तो प्रश्न बंद. ते धरणावर जातात एवढं माहीत असायचं, पण धरणात कुठल्या बाजूला, हे ना आईला माहीत, ना मला. त्या धरणाचं नाव मीही इथे लिहीत नाही, बाबा वाचतील.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाबांना एकाहत्तरावं चालू होतं आणि दोन वर्षांपासून इन्सुलिन सुरू होतं. मी कॅम्पातल्या बाजारात मेडिकलच्या काउंटरला उभी असते, त्यामुळे घरी सुई टोचायचं काम माझ्याकडे. त्या दिवशी सकाळी सात वाजता मी त्यांना सुई दिली. एरवी त्यानंतर अर्ध्या तासात नाश्ता. पण ते घाईत होते. चहाबरोबर एक बिस्किट खाल्लं, आईनं बांधलेला भाकरी-पिठल्याचा डबा उचलला आणि म्हणाले, काठावर पोचलो की लगेच खातो. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची पहिल्या माशाची अट मला ठाऊक होती. तरी मी गप्प राहिले, कारण निघताना कटकट नको, आणि खरं सांगायचं तर मलाही उशीर होत होता.

साडेदहाच्या सुमाराला दुकानात आईचा फोन आला. आधी तिनं गाऱ्हाणं मांडलं की गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी कुणीतरी नेली, बादलीभर कपडे तसेच पिळून पडलेत. मी म्हटलं, आई, इथे गिऱ्हाईक उभं आहे, दोरीचं नंतर बघू. मग ती जरा थांबून म्हणाली, “अगं, त्यांची खडीसाखरेची डबी इथेच फडताळात राहिलीय.”

बाबांच्या शर्टाच्या खिशात ती डबी कायम असायची. साखर उतरायला लागली, हात थरथरायला लागले, की दोन खडे तोंडात टाकायचे. मी घड्याळ पाहिलं. सुई देऊन साडेतीन तास झाले होते. पोटात एक बिस्किट आणि खिशात काही नाही. डबा खाल्ला असेल तर काळजी नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते मलाच पटेना. ग्लुकोजची दोन पाकिटं आणि साखर तपासायचं यंत्र पर्समध्ये टाकलं, मालकांना सांगितलं आणि स्कूटी काढली.

वाटेत मी त्यांना मनातल्या मनात इतकं बोलले की ते समोर असते तर त्यांनी घर सोडलं असतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि माशाशी पैज लावून उपाशी बसतो. आई सोसते म्हणून हे थेर चालतात. मी चिडते तेव्हा भीती मागे राहते, म्हणून तासभर मी चिडूनच गाडी चालवली.

काठावर बाबांची स्कूटर नेहमीच्या जांभळाखाली उभी होती. हँडलला पिशवी, पिशवीत डबा. मी झाकण काढलं. दोन भाकऱ्या, पिठलं, कांदा, सगळं जसंच्या तसं.

तिथून माझी चीड संपली.

होड्या सांभाळणारी मावशी पाण्याजवळ जाळं झटकत होती. ती डोंगराकडची, हरसूलच्या बाजूची. नवऱ्यामागे मासेमारी तिनं स्वतः चालवली. बाबा तिच्याकडून होडी घेतात. गणवेश शिवायचे म्हणून ती त्यांना मास्तर म्हणते. मी विचारलं, बाबा कुठल्या बाजूला गेलेत.

“काय ठावं,” ती म्हणाली. “सकाळच्याला गेलं.”

“तुम्ही बघितलं नाही?”

“मी पाठ करून उभी होती. गळाला निघाल्या माणसाकडं बघत नाय आन् इचारीत तर नायच. त्यांनाच चालत नाय ना.” मग माझा चेहरा पाहून तिनं हातातलं जाळं खाली टाकलं. “काय झालं, बाई?”

मी सांगितलं. सुई, रिकामं पोट, साखर. ती साखरेचं काही समजली की नाही कोण जाणे, पण तिनं आभाळाकडे पाहिलं आणि डोंगराच्या बाजूला बोट केलं. तिकडे मातकट ढग चढत होता. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा वारा सुटतो, आणि त्या वाऱ्यात तिथे कुणी होडी पाण्यात ठेवत नाही. बाबाही ठेवत नाहीत. ठणठणीत असते तर ते एव्हाना परतीला लागले असते, हे मलाही कळत होतं आणि तिलाही.

“तीन अंगं हायेत पान्याला,” मावशी म्हणाली. “एक उथळ, खोडांचं. एक मधलं, भिंतीकडचं. एक पार तिकडं कड्याखाली. एकीकडं गेलो आन् तिथं नसलं, तर दुसरीकडं जायाला वारा द्यायचा नाय. कुठं जायाचं ते तू सांग. तुझा बाप हाय.”

ज्या माणसानं मला गाठ बांधायला शिकवली, कुठल्या ऋतूत कुठला मासा किती खोल जातो ते सांगितलं, त्यानं एकदाही स्वतःची जागा सांगितली नव्हती. त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मग मी नाक पुसलं आणि त्यांच्यासारखा विचार करायला लागले, दुसरा इलाजच नव्हता.

पाणी उतरलेलं. वरचं पाणी कोमट. सकाळी सकाळी मोठा कटला उथळात चरायला येतो, तेव्हा आधी मनात आलं की खोडांचा फाटा. मावशीनं वल्हं उचललंही. पण उथळात कटला आठपर्यंत, फार तर नऊपर्यंत. त्यानंतर तो खाली जातो, जुन्या नदीच्या पात्रात, गार पाण्याला. सकाळी मासा लागला असता तर बाबा डबा खायला काठाला आले असते. म्हणजे लागला नव्हता, किंवा ते मुळात उथळात गेलेच नव्हते. आणि एकदम आईची दोरी आठवली.

बाबा होडी एका जागी धरायला दोरीला दगड बांधून खाली सोडतात. त्यांची नेहमीची दोरी बारा-पंधरा हातांची. ती खोडांच्या फाट्यात पुरते, भिंतीकडेही मे महिन्यात कशीबशी पुरते. घरातली आणखी दोरी गुपचूप सोडून नेली, म्हणजे यांना तळ लांब असलेली जागा हवी होती, आणि जुन्या नदीचं पात्र कड्याला लागून होतं.

“कड्याखाली,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की नाही.”

चांगली होडी बाबांनी नेलेली. राहिलेली दुसरी, तळाशी चिरलेली, डांबर लावून ठेवलेली. तिनं माझ्या हातात तेलाचा कापलेला डबा दिला आणि म्हणाली, पाणी उपसत राहायचं, माझ्याकडे बघायचं नाही.

होडी काठापासून सुटली आणि पाच मिनिटांत माझे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. मी उपसत होते, मावशी वल्हवत होती. तिचं वय साठीच्या पुढे, अंगावर मांस नाही, पण वल्हं एका लयीत पाण्यात जात होतं. अर्ध्या वाटेवर वारा आला. आधी पाण्यावर काटा उभा राहिला, मग लहान लहान लाटा, मग होडीच्या नाकावर थपडा बसायला लागल्या. एक लाट आत आली आणि मी उपसलेलं सगळं पाणी एका दमात परत भरलं. मला पोहता येतं, पण ते तलावापुरतं, हे त्या वेळी नीट समजलं. मावशीला विचारावंसं वाटलं की परत फिरायचं का. विचारलं नाही, कारण ती हो म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नव्हतं.

कड्याचं वळण आलं आणि होडी दिसली. वाऱ्यात जागच्या जागी गोल फिरत होती, म्हणजे दगड तळाला धरून होता. होडी रिकामी होती.

मी हाक मारली. वाऱ्यानं ती मागे नेली. मावशी म्हणाली, बस खाली, उलटवशील. मी उभी कधी राहिले होते ते मला कळलं नव्हतं. त्या दोन-तीन मिनिटांत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत होते, सातची सुई आठवत होते. सिरिंज उजेडात धरली, आकडा पाहिला, पोटाची कातडी चिमटीत धरली, टोचली. सुई मी दिली. मग बघत उभी राहिले आणि त्यांना तसंच जाऊ दिलं.

जवळ गेल्यावर दिसलं, बाबा आत होते. होडीच्या तळाशी कुशीवर पडलेले, डोकं फळीला टेकलेलं. शर्ट घामानं ओलाचिंब. डोळे उघडे. उजव्या हाताला तंगूस तीन-चार वेढे गुंडाळलेला, आणि तो ताणून पाण्यात गेलेला. मासा लागला होता. मोठा होता, कारण तंगूस तळव्यात रुतून रक्त आलं होतं आणि दर हिसक्याला त्यांचा अख्खा हात होडीच्या काठावर आपटत होता.

मावशीनं दोन्ही होड्या हातानं धरून ठेवल्या आणि मी पलीकडे गेले. ग्लुकोजचं पाकीट दातानं फोडलं. “बाबा, तोंड उघडा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत. मेडिकलमध्ये मी असे पेशंट पाहिले आहेत. साखर उतरली की माणूस पाहतो, बोलतो, पण तो तिथे नसतो. माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या बापानं आपल्याकडे परक्यासारखं बघणं वेगळं. त्यांनी दात मिटले आणि मान फिरवली. मी बोटावर पावडर घेऊन गालाच्या आत चोळायला गेले, तर त्यांनी डाव्या हातानं मला ढकललं. “आधी मासा,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती.

मी जोरात ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशीनं तिकडून कंबरेचा कोयता काढून मुठीकडून माझ्या पुढ्यात धरला. मी तो घेतला आणि होडीच्या काठावर तंगूस दाबून एका घावात तोडला. ताण गेला. पाण्याखाली काहीतरी रुंद, काळसर वळलं आणि खोल गेलं. बाबांचा हात मोकळा झाला, तसा त्यांच्या अंगातला सगळा जोरच गेला. ते माझ्या मांडीवर कलंडले. मी गालात ग्लुकोज भरलं, पुन्हा भरलं, गळ्यावरून हात फिरवत राहिले. गिळा. गिळा. ते गिळत होते.

मग ते बोलायला लागले, अगदी अदबीनं, शिवणाच्या दुकानात एखाद्या साहेबाच्या बायकोशी बोलावं तसं.

“ताई, एक विनंती आहे. घरी माझी मुलगी आहे. तिला काही सांगू नका.”

मी म्हटलं, काय सांगू नको.

“मी खाल्लं नाही ते. तिनं सकाळी सुई दिली होती मला. तिला वाटेल, तिच्या सुईनंच झालं. ती तोंडानं फटकळ आहे, पण मनाला फार लावून घेते. तुम्ही सांगा, ऊन लागलं. म्हातारा होता, ऊन लागलं.”

वारा होता, दोन्ही होड्या एकमेकींवर आदळत होत्या, मावशी दात आवळून त्या धरून होती. मी फक्त मान हलवली आणि उरलेलं पाकीट त्यांच्या तोंडात रिकामं केलं.

पंधरा मिनिटं आम्ही तशीच कड्याच्या आडोशाला काढली. यंत्रावर आकडा पन्नाशीच्या वर आला, मग सत्तरीच्या. त्यांनी डोळे मिटून उघडले आणि या वेळी मला पाहिलं. “तू कशी आलीस?” ते म्हणाले. मग रिकाम्या हाताकडे पाहिलं. वारा पडायला अजून अर्धा तास गेला. मावशीनं गळकी होडी मागे बांधली आणि आम्हा दोघांना काठाला आणलं.

जांभळाखाली मी डबा उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवला. ते हळूहळू खायला लागले. हाताच्या चिरेवर मी मावशीनं दिलेलं फडकं बांधलं होतं, त्यामुळे घास डाव्या हातानं. मी ठरवलेलं सगळं भांडण ओठांवर होतं. तासभर गाडीवर तयार केलेली वाक्यं होती. एकही निघेना.

अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनी विचारलं, “मासा मोठा होता का गं?”

“मोठा होता. मीच तंगूस तोडला.”

“बरं केलंस,” ते म्हणाले. ते खोटं बोलत होते हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मग त्यांनी जरा मावशीकडे, जरा माझ्याकडे पाहिलं. “मी भलतंसलतं काही बोललो का? साखर उतरली की माणूस काय वाटेल ते बरळतो.”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि जाळं उचलून पाण्याकडे निघून गेली.

“माशाला शिव्या देत होतात,” मी म्हटलं.

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. “मग ठीक,” ते म्हणाले. उरलेली भाकरी त्यांनी मोडून दोन तुकडे केले आणि मोठा माझ्यापुढे धरला. “घे. तूही सकाळपासून काही खाल्लं नसशील.”

खाल्लं नव्हतंच. मी तो तुकडा घेतला, पिठल्यात बुडवला आणि त्यांच्याकडे पाठ करून खात राहिले. चेहरा पाहिला असता तर त्यांना कळलं असतं, ते कुणाशी बोलले होते.